आमच्या दादाला दुःख नाही

...नाही, पण किती पाहिजे ते तरी सांगा! पावशेर? अर्धा किलो? की सरळ दुकानात जाऊन म्हणायचं, "काका, एक बरंसं दुःख द्या हो, घरात गिटार वाजवणारं माणूस आहे, जरा टिकाऊ बघून द्या, मागचं दोन दिवसांत विटलं"? दुःख पाहिजे म्हणे! आणि हे सांगतंय कोण, तर माझा मामा. आणि कुणाला, तर माझ्या सख्ख्या दादाला. आणि माझा दादा, तुम्हाला सांगते, जगातला एक नंबरचा... जाऊ दे, भाऊ आहे म्हणून शब्द गिळते... तर हा शहाणा, मामाने भर जेवणात पैज लावली, तर तोंडातला घास खाली न ढकलता म्हणतो काय, "चालेल."

चालेल? अरे, काय चालेल? पैज पुरती ऐकून तरी घे!

पैज अशी. मामाने पाण्याचा पेला असा खाली ठेवला, डोळे अर्धे मिटले आणि त्या त्याच्या घोगऱ्या आवाजात, म्हणजे शब्दाशब्दाला वाटतं आता हा झोपणार, तर म्हणाला, "एकच... गाणं. हळू. लोकांसमोर. ऐकणाऱ्यांतलं एक माणूस... फक्त एक... रडलं पाहिजे. रडलं, तर बँडमधली माझी खुर्ची तुझी. नाही रडलं... तर गिटार कपाटावर. आणि सोमवारपासून माझ्याबरोबर लिफ्टच्या कामावर."

आणि वर माझ्याकडे बोट करून म्हणतो, "ही चिमटी धरायची नाही. हिचे अश्रू भाड्याने मिळतात."

चिमटी म्हणजे मी. नावावरून काय ते ओळखा. शाळेचं आणि माझं फारसं पटलं नाही, नववीत मी दोनदा बसले, तिसऱ्यांदा शाळाच म्हणाली की तू बस, पण दुसरीकडे कुठेतरी बस. तेव्हापासून मी घरात असते आणि घरातलं काहीही मोडलं, सांडलं, हरवलं, की आधी माझा कान धरतात आणि मग काय झालं ते विचारतात. क्रम तसाच. कान आधी.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा दादा.

दादा गिटार वाजवतो. म्हणजे वाजवतो म्हणजे काय, त्याच्या टेबलावर ताल मोजायचं एक यंत्र आहे, त्याला मी टकटक्या म्हणते. सकाळी उठला की टक टक टक टक, जेवला की टक टक टक टक, आणि त्या प्रत्येक टकच्या पोटात हा एवढे सूर कोंबतो, एवढे कोंबतो, की सुटीवर निघालेल्या माणसाची बॅग आठवते, बसून झिप लावायची! आणि एकही सूर चुकत नाही हो. बोटं सोलवटली, मग घट्टे पडले, मग घट्ट्यांची सालं निघाली, तर त्याने बोटांना चिकटपट्टी गुंडाळून परत वाजवलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला, टकटक्याच्या बॅटऱ्या गेल्या, दादा बसलेलाच. आणि एवढं सगळं वाजवून झालं, की मामा वरच्या खोलीतून खाली येणार, जिन्यातच थांबणार, आणि म्हणणार, "छान. स्वच्छ. पण... फील नाही रे. फील!"

दादा विचारतो, "कुठल्या सुराला?"

मामा कपाळावर हात मारतो. "कुठल्या सुराला नाही, बाळा. इथे!" आणि छातीवर थाप. "हा ब्लूज आहे. याला दुःख लागतं. तू भोगलंयस काय?"

दुःख पाहिजे म्हणे!

मी काय म्हणते, मामा लिफ्ट दुरुस्त करतो ना? एखादी बाई लिफ्टमध्ये अडकली, तर ती आतून विचारते का, "भाऊ, तुम्ही स्वतः आयुष्यात कधी अडकला होतात का? नसलात तर राहू द्या, मी थांबते, अडकलेला माणूस पाठवा"? पोटाच्या डॉक्टरला सांगतो का आपण, की आधी तुमचं अपेंडिक्स फुटू द्या, मग माझं कापा? मग गिटारवाल्यानेच काय घोडं मारलंय? आणि मामाचं स्वतःचं दुःख तरी काय, तर तरुणपणी एक मुलगी त्याला सोडून गेली. बस्स. मी लहान असताना ती बसने गेली होती. मग मी शाळेत जायला लागले, तेव्हा ती रेल्वेने गेली, मामा फलाटावर. परवा बँडच्या लोकांना सांगताना ती जहाजाने गेली! आमच्या गावाला समुद्र नाही हो! पण कोण विचारणार? सगळे माना डोलवतात. दुःख मुरलंय म्हणतात. मुरलंय कसलं, वाढलंय, वाहन बदलत बदलत!

आणि वाजवणं म्हणाल तर... ब्लूज म्हणजे मला जेवढं कळतं तेवढं सांगते. सावकाश ठेका, दोन-तीन सुरावटी फिरून फिरून त्याच, आणि मधेच एक तार बोटाने आडवी अशी ओढायची, म्हणजे सूर चढतो, रडायच्या आधी माणूस कसा ओठ ओढतो, तसा. मामा काय करतो, डोळे मिटतो. एक सूर वाजवतो. आणि थांबतो. किती थांबतो? मी एकदा त्या थांबण्यात खाली जाऊन पाणी पिऊन वर आले, मामा तसाच. मग दुसरा सूर. आणि लोक काय करतात? "आह...! काय ती शांतता!" अहो, तो वाजवत नाहीये, तेव्हा तुम्ही दाद देताय! दादा टकच्या पोटात वीस सूर घालतो, तेव्हा कुणी आह म्हणत नाही. म्हणतात, "बोटं छान चालतात हो मुलाची, टायपिंगची परीक्षा दिली का?"

तर दादा चालेल म्हणाला. आईला तर बरंच झालं. आईचं गणित साधं, रडलं कुणी तर बँड, नाही रडलं तर लिफ्ट, पोरगं कुठेतरी लागतंय ना! पण मला ठाऊक होतं ना, दादाने गिटार कपाटावर ठेवली तर हे घर कसं होईल ते. मी तक्रार करते, पण मला झोपच लागते ती त्या टकटकीवर. ते कुणाला सांगू नका.

म्हणून मी ठरवलं, की दुःख पाहिजे ना? मी देते!

आता दुःख देण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे अख्खी गल्ली सांगेल. पण आमचा दादा! अहो, त्याला दुःख लागतच नाही, तव्याला चिकटू नये म्हणून तेल लावतात ना, तसं देवाने त्याला आतून तेल लावलंय. मी त्याचा एक बूट लपवला. एकच, डावा, कारण दोन्ही लपवले तर माणूस समजतो चोरी झाली आणि एकच गेला तर जिवाला लागतं. हा म्हणतो, "मिळेल," आणि चपला घालून गेला. मी म्हटलं, "दादा, ती औषधाच्या दुकानातली मुलगी, जिच्याकडून तू डोकं दुखत नसताना गोळ्या आणतोस, तिचं लग्न ठरलं." खोटं हो, तिला पत्ताच नव्हता. तर दादा म्हणाला, "अरे वा. मुलगा चांगला आहे का?" मुलगा चांगला आहे का! याच्यापुढे काय करायचं? मी त्याच्या उशाशी बसून जगात काय काय वाईट होतं ते वाचून दाखवलं, पूर, भूकंप, महागाई, तर हा ऐकता ऐकता घोरायला लागला. तालात. टकटक्याला धरून घोरतो तो!

शेवटी मी हात टेकले. म्हटलं, याला रडवणं होणार नाही. मग ऐकणाऱ्यालाच रडवू!

कोपऱ्यावर इस्त्रीवाली मावशी आहे. ही बाई म्हणजे रडण्याची टाकी. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, त्यात लहान मूल चिखलात पडलं, तरी ही पदराला डोळे लावते, कपडे नीट धुतले गेले की परत लावते. मी जाऊन तिला म्हटलं, "मावशी, रविवारी बेकरीच्या वरच्या हॉलमध्ये या. पुढच्या रांगेत बसा. दादा वाजवायला लागला की रडा."

"कशाबद्दल गं?"

"कशाबद्दलही. तुमच्या मनात येईल ते."

"आणि मला काय मिळेल?"

"तुमच्या दाराची बेल वाजवून कुणीतरी पळतं ना रोज दुपारी? ते बंद होईल."

मावशीने इस्त्री बाजूला ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे ती तूच!"

"मी असं म्हटलं का? बंद होईल एवढंच म्हटलं."

झालं. सौदा पक्का. एक माणूस रडणार, दादा जिंकणार, मी रविवारपर्यंत अशी शिट्ट्या मारत हिंडले की आईने दोनदा माझे खिसे तपासले.

रविवार उजाडला. आता बँडची एक रीत आहे, ती ऐका, म्हणजे पुढचं कळेल. कुणी नवा माणूस पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार असला, की त्याच्या गिटारला नव्या तारा त्याने स्वतः चढवायच्या नाहीत, बँडमधल्या थोरल्याने चढवायच्या. आशीर्वाद म्हणे तो. तर दादाची गिटार दुपारी मामाच्या खोलीत गेली, मामाने दार लावून तारा चढवल्या, आणि मग हॉलपर्यंत गिटार कुणी उचलून नेली? मी. एकटीने. अख्ख्या गल्लीसमोर, डोक्यावर धरून, मिरवत. पुढे माझं काय होणार होतं, हे तेव्हा मला कळलं असतं तर मी ती गिटार चिमट्याने पण उचलली नसती.

हॉल भरला. खाली बेकरीची भट्टी, वर हॉल, म्हणजे फरशी गरम आणि अंगाला पावाचा वास, माणूस दुःखी व्हायला आला तरी भूक लागते. बँडचे म्होरके म्हणजे दातवाले काका, दिवसा लोकांचे दात काढतात आणि रविवारी बेस गिटार वाजवतात. दोन्हीकडे चेहरा तोच. ते उभे राहिले आणि म्हणाले, "नियम सर्वांना माहीत आहेत. अश्रू मी स्वतः तपासीन." ड्रमवर बेकरीवाला. पुढच्या रांगेत इस्त्रीवाली मावशी, हातात रुमाल, मला डोळा मारून मोकळी! मामा पार मागे, दाराला टेकून.

दादा बसला. टकटक्या नव्हता, तर पायानेच टक टक करायला लागला. सुरू.

पहिल्यांदा सगळं नेहमीसारखं. स्वच्छ, धुतलेलं, इस्त्री केलेलं. माझ्या शेजारी एकाने जांभई दिली, मी त्याला कोपर मारलं. आणि मग... तुम्हाला सांगते... दादाने तिसरी तार ओढली आणि सूर चढायच्या ऐवजी असा खाली बसला. माणूस दमून पायरीवर बसतो ना, तसा. दादाने खाली बघितलं. नव्या तारा जरा सैल पडतातच, त्याने पटकन वरची खुंटी पिळली. खुंटी नुसतीच गरगर फिरली! तार आणखी खाली.

मला त्याचा चेहरा दिसत होता. गणिताचं उत्तर चुकल्यावर होतो ना त्याचा, तसा. कारण बघा, तिसरी तारच गेली तर ते टकच्या पोटात वीस सूर घालणं जमणार कसं? प्रत्येक तिसरा सूर खोटा! वाजवणं सोडून उठावं तर पैज गेली. तर हा काय करतो, हा थांबला. मग एक सूर. तो वाजवायच्या आधी कानात शोधला असणार, कारण तार आता कुठे आहे हे तारेलाच माहीत नव्हतं. बोट ठेवलं, आणि ओढलं, ओढलं, ओढलं, जिथे हवा तिथे नेऊन तो सूर धरला. आणि एवढा वेळ धरून ठेवायचा तर बोट थरथरणारच की! तर सूर थरथरला. सोडला, तर तार आणखी ढिली. पुढच्या वेळी आणखी लांब ओढायची. म्हणजे जितकी तार पडते तितका हा ओढतो, जितका हा ओढतो तितकी ती पडते, ती पडते, हा ओढतो... ठेका मात्र सोडला नाही हो! पाय चालूच. प्रत्येक वेळी तो सूर अगदी शेवटच्या क्षणाला कसाबसा वर पोचायचा आणि वाटायचं, आता नाही पोचणार, आता नाहीच पोचणार, आणि पोचायचा. बरोब्बर. केसाइतकाही इकडे तिकडे नाही.

बेकरीवाल्याने ड्रमच्या काड्या टाकून हातानेच हळू हळू थोपटायला सुरुवात केली. माझ्या शेजारचा जांभईवाला तोंड उघडं ठेवूनच बसला. माझ्या डोळ्यांत काही आलं नव्हतं, आधीच सांगून ठेवते. ते पीठ. बेकरीचं पीठ वर उडतं.

शेवटचा सूर दादाने ओढला तेव्हा बोटाची चिकटपट्टी सुटून लोंबत होती. मग संपलं. आणि टाळ्या! एकदम सगळ्यांच्या.

दातवाले काका उठले. एकेकासमोर जाऊन, दाढ बघतात ना तसं वाकून, "इकडे बघा. वर बघा. कोरडे. पुढचा." मी निर्धास्त. आले मावशीपाशी. वाकले. "कोरडे. पुढचा."

कोरडे? मी उडी मारून मावशीला गाठलं. "मावशी! रडायचं होतं ना!"

"अगं बाई," मावशी म्हणाली, आणि रुमाल तसाच घडी केलेला हातात, "विसरलेच गं. ऐकत होते."

ऐकत होते! साबणाला रडणारी बाई! पुढची रांग कोरडी, मधली कोरडी. एका आजोबांचे डोळे पाणावलेले निघाले, तर ते म्हणाले माझे बारा महिने असेच असतात, औषध चालू आहे. बाद. सोमवार, लिफ्ट, कपाट... आणि काका पोचले दारापाशी. तिथे मामा. भिंतीकडे तोंड. काकांनी खांदा धरून वळवला, तर... अहो, डोळे काय घेऊन बसलात, कॉलरपर्यंत ओला!

काका म्हणाले, "ओले."

काय जल्लोष झाला! बेकरीवाल्याने दादाला उचललं. जो तो म्हणतोय, "पोराला दुःख मिळालं! काय तो फील! कुठून आणलं एवढं?" दादा खाली उतरला आणि म्हणाला, "तिसरी खुंटी गेलीये."

"काय?"

"खुंटी. मागचा स्क्रू ढिला आहे. तार धरतच नव्हती."

काकांनी गिटार उलटी केली. खुंटीमागचा एवढासा स्क्रू, पडायच्या बेतात लोंबतोय. आपोआप ढिला होणारा नव्हे, कुणीतरी केलेला. आणि मग सगळ्या माना हळूहळू वळल्या. कुणाकडे? आता मी सांगायला पाहिजे का?

कान आधी! आई कुठून आली कळलंच नाही, कान मात्र हातात. "कार्टे! भावाच्या पोटावर पाय देतेस?"

"मी नाही केलं!"

"गिटार आणली कुणी?"

"मी! पण मी नाही केलं!"

अहो, जन्मात पहिल्यांदा मी खरं बोलत होते आणि ते कसं बोलायचं तेच मला येईना! खोटं बोलताना माझा आवाज कसा गोड, स्थिर असतो. खरं बोलताना किंचाळायला झालं. कोण ठेवणार विश्वास?

आणि काका तेवढ्यात घसा साफ करून म्हणतात, "थांबा. मग हा फील नव्हेच. हा बिघाड. आणि बिघाड घरच्याच मुलीने केलेला असेल, तर तो डाव झाला. पैज हरली."

हरली? माझं डोकंच फिरलं! म्हटलं, "ओ दातवाले काका! बिघाड तारेत होता, वाजवण्यात होता का? तुमच्या हातात तशी पडती तार देते, वाजवा बघू एक सूर! तुम्ही दाढ धरता, ती हालत नाही, तरी पेशंट ओरडतो! याने पडणारी तार दर वेळी हवेत झेलली, नुसत्या कानावर! ते कशाने आलं? मुलगी जहाजाने गेली म्हणून आलं? टक टक करून आलं! बोटं सोलून आलं! तुम्ही सगळ्यांनी त्याला टायपिंग म्हणून हिणवलं, आणि तेच टायपिंग आज तुमच्या काळजाला लागलं, तर म्हणे याला दुःख मिळालं! काही मिळालं नाही त्याला! विचारा! दादा, तुला दुःख झालं का रे?"

दादाने विचार केला. "नाही. घाम आला."

"बघा!"

"तू आधी कबूल कर," आई म्हणाली आणि कान एक पीळ आणखी. "कबूल कर, म्हणजे प्रश्नच मिटला."

आता बघा हं गंमत. कबूल केलं तर दादा हरतो. नाही केलं तर कुणी मानत नाही, म्हणजे तरी हरतो. आणि मामा? मामाने फक्त गप्प बसायचं होतं. खुर्ची त्याची, सोमवारी दादा लिफ्टवर, कुणाला कळलं नसतं, चिमटीने केलं म्हणून सगळ्या गल्लीने शपथेवर सांगितलं असतं. तो गप्पच होता. बराच वेळ. त्याला सवय आहे ना थांबायची.

मग तो म्हणाला, "ताई. तिचा कान सोड. स्क्रू मी ढिला केला."

त्या आवाजात नाही हो, घोगऱ्या. साध्या. लिफ्टवाल्यांशी फोनवर बोलतो त्या.

मग हात पुढे केला. "हे बोट बघा. लिफ्टच्या दारात सापडलं होतं गेल्या वर्षी. तेव्हापासून वळत नाही नीट. तार ओढताच येत नाही मला. मी मधे थांबतो ना... तुम्ही म्हणता काय शांतता, काय फील... अरे, मी बोट पुढच्या सुरावर पोचायची वाट बघत असतो. आणि खालून दिवसभर याचं टक टक. एक सूर चुकत नाही. मला कळत होतं खुर्ची जाणार. म्हटलं, तिसरी तार गेली की हा गडबडेल. उठून जाईल." नाक पुसलं. "गेला नाही."

दातवाल्या काकांना मात्र नियम महत्त्वाचा. म्हणाले, "म्हणजे रडलात ते लाजेने? की वाजवण्याने? तसं मला नोंदवावं लागेल."

"पहिल्यांदा लाजेने," मामा म्हणाला. "मग त्याने ती तार जेव्हा वर ओढली... परत एकदा, जिथे ती येणारच नव्हती तिथून... तेव्हा स्क्रू मी ढिला केलाय हे माझ्या लक्षातच नव्हतं."

काकांनी जाऊन मामाची खुर्ची उचलली आणि दादापुढे ठेवली. आई डोळे पुसायला लागली, एका हाताने. बेकरीवाला नाक ओढतोय. मावशीला तर आता आठवलं, धो धो! सगळ्यांना वाटलं, आता हा दादा उठणार, मामाला मिठी मारणार, काहीतरी बोलणार, एकदा तरी, आयुष्यात एकदा तरी याच्या आतलं तेल पुसलं जाणार.

दादा त्या खुंटीकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा, किती फेरे?"

"...काय?"

"स्क्रू. किती फेरे ढिला केलास?"

मामाने डोळे पुसले. "दीड."

"दीडच ना? सव्वा नाही?"

"दीड, बाळा."

"बरं," दादा म्हणाला, आणि लागला पायाने टक टक करायला. सोमवारपासून तेच चालू आहे, स्क्रू दीड फेरा ढिला, तार पडतेय, हा ओढतोय, आणि शेजारी मामा बसून त्याला सांगतोय, "हळू... आणखी हळू..." दुःख पाहिजे म्हणे! या दगडाला कुठून द्यायचं, तुम्हीच सांगा!

पण ते नंतरचं. तेव्हा हॉलमध्ये सगळं आटपलं, लोक खाली पाव घ्यायला गेले, मामाने कबूल केलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि माझा कान अजून आईच्या मुठीत. मी म्हटलं, "आई, मी नव्हते ना? मग सोड की."

आई म्हणाली, "असू दे हातात. घरी जाईपर्यंत कशाला तरी लागेलच."